लक्षण आधी, पाना नंतर

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीला रेल्वे नाही. मनमाड ते काचीगुडा हा गोदावरी खोऱ्यातला लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. परभणी त्या मार्गावर आली, पाथरीकरांना मात्र मानवत रोड स्थानक गाठावे लागते. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, मुख्य ठाणे असलेले हे गाव त्यामुळे रस्त्यावरच विसंबून राहिले. निजाम स्टेट रेल्वेने 1932 साली 27 बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात सरकारी बसवाहतूक सुरू केली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे एसटी गावोगाव पोहोचली. आज कल्याण–निर्मल महामार्ग पाथरीवरून जातो. अशा गावात गाडी अडली की काम अडते, म्हणून इंजिनाचा दोष ओळखण्याची विद्या इथे पोटापाण्याची गरज होती. याच रस्त्यावर आता जुन्या बाजारातून घेतलेली वेगवान गाडी ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर अडखळते, तेव्हा ती जुनी विद्या निरुपयोगी झाली असे मानले जाते. ते खरे नाही.

अडखळण्याचे मूळ कारण शतकभरात बदललेले नाही. हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचा मेळ एका क्षणासाठी चुकतो, एवढेच. कार्ब्युरेटरच्या काळात ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हवा चटकन आत शिरायची आणि पेट्रोल मागे पडायचे. ती उणीव भरून काढायला कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा पंप असे, जो त्या क्षणी पेट्रोलची जादा पिचकारी मारी. त्याचा पडदा फाटला किंवा जेटमध्ये कचरा अडकला की गाडी पिकअप घेत नसे. कुर्ल्यात 2000 च्या सुमारापर्यंत बनत राहिलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मिस्त्रीचा तपासाचा क्रम म्हणून ठरलेला होता: प्लग काढून रंग पाहा, पॉइंटचा गॅप पाहा, फिल्टर पाहा, टायमिंग पाहा, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर खोला. आधी स्वस्त आणि सोपे, मग महाग आणि अवघड. एका वेळी एकच बदल.

2000 च्या आसपास भारत स्टेजचे प्रदूषण-नियम आले आणि मोटारीतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचे हे सेन्सर आणि संगणक ठरवू लागले. 2010 पासून नव्या मोटारींना स्वतःचा दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, 2013 पासून ती अधिक कडक झाली. त्याच 2013 मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बाजारात आली: 1197 सीसी, टर्बो, 105 पीएस. आज अशाच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातात. त्यांचे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नसल्याने व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि तिथे कार्बन साचतो. टर्बोचा पाइप सैल झाला, इग्निशन कॉइल थकली किंवा ड्राय क्लचचा गिअरबॉक्स उशिरा पकडला, तरी चालवणाऱ्याला जाणवतो तो एकच झटका.

इथे आक्षेप येतो की हे काम कानाचे नाही, स्कॅनरचे आहे. स्कॅनर हवाच, पण तो निदान करत नाही, लक्षण नोंदवतो. पी0301 हा कोड पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, म्हणजे तिथले जळण चुकते आहे, एवढेच सांगतो. दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, ते सांगत नाही. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहावी. मिसिंग तिच्यामागे गेले तर कॉइल दोषी. ही युक्ती पद्मिनीच्या काळातल्या मिस्त्रीला अनोळखी वाटली नसती. विक्रीआधी कोड पुसलेले असू शकतात, पण पुसल्यावर गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. म्हणून व्यवहाराआधी स्कॅनरवर त्या पाहाव्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या पद्धतीचे अनेक मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत सुटायचे आणि खर्च मालकाच्या माथी मारायचे. हे घडत होते आणि आजही घडते. पण तो पद्धतीचा दोष नाही, पद्धत सोडल्याचा आहे. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा आजचा तंत्रज्ञही तीच चूक करतो. शिवाय दोष दर वेळी पार्टचाच नसतो; पेट्रोल स्वतःच बदलले आहे. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशभर पसरले. इथेनॉल पाणी शोषते आणि त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीत म्हणूनच इंजिन खोलण्याआधी टाकीतले पेट्रोल तपासणे शहाणपणाचे.

पाथरीसारख्या गावाला महागड्या सर्व्हिस सेंटरइतकीच स्कॅनर वाचता येणाऱ्या मिस्त्रीची गरज आहे. मोटार मेकॅनिकचे आयटीआय शिक्षण 1950 पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभे राहिले. त्यात टर्बो आणि स्कॅनरचे प्रात्यक्षिक तालुक्याच्या पातळीवर मिळायला हवे. आणि वेगवान जुनी गाडी घेणाऱ्याने सर्व्हिसची नोंद मागावी, प्लगपासून सुरुवात करावी, आणि कारण सिद्ध झाल्याशिवाय एकही पार्ट बदलू देऊ नये.