हॉवर्डची खुर्ची

विद्यापीठाचा नवा प्रमुख कोण, ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. मला मात्र अशा वेळी वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ आठवतं.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना शिकता यावं म्हणून १८६७ मध्ये हॉवर्ड उभं राहिलं. विद्यार्थी बहुतेक कृष्णवर्णीय, अध्यक्ष मात्र गोरे! मध्ये जॉन मर्सर लँगस्टन हंगामी होते; पण विश्वस्तांनी त्यांना कायम केलं नाही.

१९२५ मध्ये सक्तीच्या लष्करी कवायतीविरुद्ध विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. माजी विद्यार्थीही अध्यक्ष डर्कींवर नाराज होतेच. पुढच्याच वर्षी डर्की गेले आणि ५९ वर्षांनी पहिला कृष्णवर्णीय कायम अध्यक्ष आला : मॉर्डेकाय जॉन्सन, वय ३६.

एका माणसाने काय फरक पडतो? जॉन्सन यांनी रात्री भरणारं लॉ स्कूल पूर्णवेळ केलं, काम चार्ल्स ह्यूस्टन यांच्यावर सोपवलं. तिथून १९३३ मध्ये थर्गुड मार्शल बाहेर पडले. १९५४ मध्ये सरकारी शाळांतला वर्णभेद सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवला, तो खटला लढवणाऱ्यांचे प्रमुख तेच. भारतातून परतलेल्या जॉन्सन यांचं गांधीजींवरचं भाषण तरुण मार्टिन ल्यूथर किंगने ऐकलं आणि गांधीजींवरची पुस्तकंच विकत आणली.

खुर्ची तीच होती. देणाऱ्यांनी ती ५९ वर्षं दिली नव्हती, एवढंच. म्हणून सांगतो, कुलगुरू निवडीची बातमी आली की नाव तर वाचाच, पण निवडणारे कोण आहेत तेही विचारा.