सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ

महाराष्ट्रातील एक राज्य विद्यापीठ. मुख्य आवार पुण्यात गणेशखिंडीत, सुमारे ४११ एकरांचे. मराठी मुलखासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर हेच पहिले कुलगुरू झाले. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९४९ मध्ये विद्यापीठ उभे राहिले. पुढे कोल्हापूर (१९६२) आणि जळगाव (१९९०) येथे विद्यापीठे निघाली, तसे कार्यक्षेत्र आक्रसत गेले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे प्रामुख्याने त्याच्याकडे आहेत. पदवीचे बहुतेक विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांचा विद्यापीठाशी संबंध परीक्षा आणि गुणपत्रिका यांपुरताच येतो.

मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान. बांधकाम १८६४ मध्ये सुरू झाले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ २२ जून १८९७ रोजी येथेच झाला. तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी याच गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली.

संशोधनात आवाराची खरी श्रीमंती शेजाराची आहे. आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे ‘आयुका’, १९८८ मध्ये येथे स्थापन झाले. संस्थापक संचालक जयंत नारळीकर, वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. लगतच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने नारायणगावजवळ खोडद परिसरात ‘जीएमआरटी’ ही दुर्बीण उभारली. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. या संस्था विद्यापीठाच्या नव्हेत, पण विद्यार्थ्याला त्या चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने हा आयुकाचा आवडता उपक्रम, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिकाही तेथेच आहे.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांत संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र जुने. ललित कला केंद्रात संगीत, नृत्य व नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवले जाते. नाटककार सतीश आळेकर अनेक वर्षे त्याचे प्रमुख होते. परकीय भाषा आणि वृत्तपत्रविद्या मात्र गणेशखिंडीत नाहीत. त्यांचे ठिकाण फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट. स्त्री-अभ्यास केंद्राला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आधीच होते, विद्यापीठाला ते २०१४ मध्ये मिळाले. शर्मिला रेगे यांनी या केंद्रात जात आणि लिंगभाव यांचा एकत्रित अभ्यास रुजवला.

‘कमवा आणि शिका’ योजनेतील मुले विभागांत, ग्रंथालयात, बागेत काम करून शिक्षणाला हातभार लावतात. गावाकडून आलेल्या अनेकांचे पुण्यातले शिक्षण त्यामुळे निभावते. जयकर ग्रंथालय हा आवाराचा केंद्रबिंदू. अनिकेत कॅन्टीनमधले वाद वर्गातल्या वादांपेक्षा कमी गंभीर नसतात. सकाळी हेच आवार फिरायला येणाऱ्यांचे होते. बाकी पुणेकरांना विद्यापीठ आठवते ते मुख्यतः विद्यापीठ चौकातल्या कोंडीमुळे; तेथला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला.