मतदानाची कला कुणाशी बोलते? जालना जिल्ह्याच्या निमित्ताने

आजचा विषय दिसायला हलका आहे. निवडणूक आली की राज्यात सगळीकडे, तसंच आमच्या जालना जिल्ह्यातही, शाळेच्या भिंतीवर शाई लावलेलं बोट रंगवतात, चौकात रांगोळी निघते, मुलं प्रभातफेरी काढतात, बाजाराच्या दिवशी पथनाट्य होतं. सरकारी भाषेत याला ‘स्वीप’ म्हणतात. निवडणूक आयोगाचा मतदार जागृतीचा हा कार्यक्रम 2009 पासून चालू आहे. 2011 पासून 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस होतो, कारण 1950 साली त्याच दिवशी आयोग स्थापन झाला.

आमचा प्रश्न एवढाच आहे की ही कला नेमकं कुणाशी बोलते, आणि काय बोलते? उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल.

आपला हा भाग निजामाच्या राज्यात होता. तिथं सर्वांना मताधिकार नव्हता. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं आणि तीन-सव्वातीन वर्षांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो 1 मे 1981चा. जालना औरंगाबाद जिल्ह्यात, परतूर परभणीत. लोकसभेचा मतदारसंघ होता अंबड नावाचा. आता विचार करा, 1951च्या जनगणनेत देशाची साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास, बायकांची तर 9 टक्क्यांच्याही खाली. सव्वासतरा कोटींहून जास्त मतदार. ज्याला उमेदवाराचं नाव वाचता येत नाही, त्यानं मत द्यायचं कसं?

त्यावरचा तोडगा म्हणजे चित्र. बैलजोडी, झोपडी, दिवा अशी निवडणूक चिन्हं. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर खूण करायची नाही, ती नुसती आपल्या पेटीत टाकायची. खूण करण्याची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत 1962 साली आली. लोकशाहीसाठी आपल्याकडं झालेली सर्वात मोठी सार्वजनिक कला कोणती, असं कुणी विचारलं तर आम्ही या काळ्या रेषांच्या छोट्या चित्रांकडं बोट दाखवू. का? तर त्या चित्रानं कुणाला ‘मतदान करा’ असं सांगितलं नाही. त्यानं एक अडचण दूर केली. निरक्षर बाईला पाटलाला, सावकाराला किंवा नवऱ्याला न विचारता, पडद्यामागं एकटीनं निवड करता आली. तत्त्वज्ञानात ज्याला आपण स्वायत्तता म्हणतो, ती इथं एका चित्रानं दिली.

पण त्याच निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, मुख्यतः उत्तर भारतातली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. म्हणजे पेटीवर चित्र होतं, पण यादीत नाव नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

दुसरी परंपरा बोलण्या-गाण्याची. पैठण आज जालना लोकसभा मतदारसंघात येतं. तिथले एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. त्यांच्या भारुडाची रीत काय? भारूड आज्ञा करत नाही. सांगणारा जोशी होतो, वासुदेव होतो, भुत्या होतो, ऐकणाऱ्याला हसवतो आणि हसता हसता त्याला स्वतःकडं बघायला लावतो. पुढं सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे आणि 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, या सगळ्यांनी हीच रीत वेगवेगळ्या कारणांसाठी वापरली. अण्णाभाऊंच्या एका लोकनाट्याचं नावच ‘शेठजींचे इलेक्शन’. तुमच्या मताला किंमत आहे म्हणूनच ते कुणीतरी विकत घ्यायला बघतंय, हे अशा खेळातून प्रेक्षकाला जितकं सहज कळतं तितकं सभेतून कळत नाही.

मग भिंती. एके काळी गावातली एकही भिंत पक्षांनी सोडली नव्हती. चुना, गेरू, निळीनं चिन्हं रंगवायची, पेंटरची चंगळ असायची. नव्वदच्या दशकात शेषन साहेबांनी आचारसंहिता कडक केली, 1995 साली राज्यात भिंती विद्रूप करण्याविरुद्ध कायदा झाला. पक्षांची रंगरंगोटी ओसरली. आज त्याच भिंतींवर प्रशासन मतदानाचं आवाहन रंगवतं. यात वाईट काही नाही. पण आवाज बदलला. पूर्वीची कला भांडत होती, आताची कर्तव्य सांगते. आणि कर्तव्य सांगणारी कला असं गृहीत धरते की मत न देणारा माणूस आळशी आहे.

आकडे काय म्हणतात? 13 मे 2024ला, भर उन्हाळ्यात, जालना मतदारसंघात सुमारे 69 टक्के मतदान झालं. दक्षिण मुंबईत ते 50च्या आसपास होतं. तेव्हा आमचा माणूस आळशी आहे, असं कुणी म्हणू नये.

मग राहतं कोण? घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. या मोजणीतही बाईचं नाव नाही, बघा. 2024ला गळीत हंगामाची तारीख ठरली 15 नोव्हेंबर आणि विधानसभेचं मतदान होतं 20 नोव्हेंबरला. फडात गेलेल्या माणसानं गावातल्या शाळेच्या भिंतीवरचं रंगीत बोट बघायचं कधी? त्याचं नाव यादीत आहे, त्याला मत द्यायचंही आहे, पण तो दोनशे-तीनशे किलोमीटर लांब आहे. यायचं तर मजुरी बुडते, भाडं लागतं. त्याच वर्षी लोकसभेला 85च्या पुढच्या वृद्धांना घरून मत देण्याची सोय होती. चांगलीच गोष्ट आहे. कोयत्यासाठी तशी सोय नाही. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगानं डिसेंबर 2022मध्ये जाहीर केला, जानेवारी 2023मध्ये पक्षांपुढं ठेवला. तो वापरात मात्र आलेला नाही.

कुणी म्हणेल, यात कलेचा काय दोष? दोष नाही, पण काम आहे. एक म्हणजे वेळ. जागृती मतदानाच्या आधी पंधरा दिवस नको, गाड्या भरायच्या आधी, पोळ्याच्या सुमाराला हवी. पथनाट्य तालुक्याच्या चौकात होतं तसं कारखान्याच्या अड्ड्यावर, कोप्यांपुढंही व्हायला हवं. आणि दुसरं अधिक महत्त्वाचं. भारूड फक्त खालच्याला शहाणपण शिकवत नाही, ते वरच्यालाही टोचतं. मतदाराला ‘तू का आला नाहीस?’ असं विचारणारी भिंत आपल्याकडं पुष्कळ आहे. ‘याला येता यावं म्हणून आपण काय केलं?’ असं प्रशासनाला, कारखान्याला, आपल्याला विचारणारी भिंत अजून रंगवायची आहे. 1951-52च्या चित्रकारांनी निरक्षरतेपुढं हात टेकले नाहीत, चिन्ह काढलं. आपल्या काळाची अडचण अक्षराची कमी आणि अंतराची जास्त आहे.

तरुण कलावंतांनी यावर विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.