बांधावरचे खत : गिरिपुष्पाची कथा

बीदर शहराला लागून असलेले नौबाद जांभ्या खडकाच्या पठारावर वसले आहे. येथील माती तांबडी, हलकी आणि पाणी चटकन खाली सोडून देणारी. पठार उतरून भालकी-औरादच्या बाजूस गेले, किंवा कलबुर्गीच्या तूरपट्ट्यात शिरले, म्हणजे काळी जमीन लागते. दोन्ही मातींची जात निराळी. परंतु भूक एकच, आणि ती म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची. उष्ण व कोरड्या हवेत जमिनीतील सेंद्रिय अंश फार काळ टिकत नाही. दावणीची जनावरे कमी झाली, आणि जे शेण उरले त्यातील बरेचसे गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत गेले. मग शेताला घालावयाचे काय, हा कोरडवाहू शेतकऱ्यापुढचा जुना प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. करंजाचा पाला, ज्यास कानडी मुलखात होंगे म्हणतात, कापून शेतात गाडण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे. करंज हे शेंगा धरणारे, म्हणजे तुरीच्याच कुळातले झाड. त्याच कुळातील एक परदेशी पाहुणा पुढे आपल्या बांधावर आला. मराठीत त्यास गिरिपुष्प म्हणतात आणि उंदीरमारी असेही म्हणतात. कर्नाटकातील शेतकरी त्यास गोब्बरद गिड, म्हणजे खताचे झाड, ह्या नावाने ओळखतात. एकाच झाडाच्या एका नावात फूल, दुसऱ्यात विष आणि तिसऱ्यात खत आहे, आणि तिन्ही नावे खरी आहेत.

त्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथील लोक कोकोच्या कोवळ्या रोपांना ह्याची सावली देत. म्हणून स्पॅनिश भाषेत त्यास ‘कोकोची आई’ असे नाव पडले. शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया सेपियम हे लॅटिन शब्दांवरून बनले आहे : पहिल्या शब्दाचा अर्थ उंदीर मारणारे, दुसऱ्याचा कुंपणाचे. साल किंवा बिया कुटून धान्यात मिसळून आंबवल्या म्हणजे त्यात रक्त गोठू न देणारे द्रव्य तयार होते आणि ते खाल्लेले उंदीर मरतात. स्पॅनिश गलबतांबरोबर हे झाड फिलिपाइन्सला पोहोचले. सिलोनच्या चहामळ्यांतही ते सावलीसाठी लावले गेले आणि दक्षिण आशियात पसरले. मळेवाल्यांच्या चाकरीत आलेले हे झाड अशा रीतीने गरिबाच्या बांधापर्यंत आले.

त्याच्या आधी मात्र दुसऱ्या एका झाडाचा बोलबाला झाला होता. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा मोठा प्रसार केला. चारा, सरपण, खत, लाकूड, सारे काही एका झाडातून मिळणार, अशी आशा गावोगाव निर्माण झाली. ती बऱ्याच अंशी फळासही आली. परंतु १९८८ साली भारतात सुबाभळीच्या कोवळ्या शेंड्यांतील रस शोषणारी एक बारीक कीड आली आणि ह्या झाडाला मोठा तडाखा बसला. जगभर ह्याच अनुभवानंतर संशोधकांचे लक्ष गिरिपुष्पाकडे अधिक वळले. एकाच झाडावर सारी भिस्त ठेवू नये, हा त्यातील धडा गिरिपुष्प लावणाऱ्यानेही विसरता कामा नये.

आता त्याचे काम पाहू. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जिवाणू हवेतील नत्र धरून झाडाला देतात, आणि ते पानांत साठते. वाळलेल्या पाल्यात शेकडा दोन ते तीन भाग नत्र असते. पाला कोवळा असल्याने मातीत लवकर कुजतो. बीदरपासून फार दूर नसलेल्या, तेलंगणातील रंगारेड्डी जिल्ह्याच्या कोत्तपल्ली गावी १९९९ साली इक्रिसॅट संस्थेच्या साहाय्याने पाणलोट विकासाचे काम सुरू झाले. त्यात बांधांवर गिरिपुष्प लावण्यात आले. त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांचा हिशेब असा : अर्ध्या मीटरवर एक झाड, ह्याप्रमाणे ७०० मीटर लांबीच्या बांधावर झाडे लावली, तर त्यांच्या पाल्यातून हेक्टरी वर्षाला ३० ते ४५ किलो नत्र मिळू शकते. युरियाच्या भाषेत सांगायचे तर ही सुमारे दीड ते दोन पोती झाली. वर सेंद्रिय अंश मिळतो तो निराळा, आणि युरियाच्या पोत्यातून तो कधीच मिळत नाही.

तरीही ह्या आकड्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. हेक्टरभर चौरस शेताचा घेर अवघा ४०० मीटर; तेव्हा शेतातले आडवे बांधही धरल्यावाचून ७०० मीटर भरत नाहीत. शिवाय बांध हा आपल्याकडे भावकीच्या भांडणाचा विषय. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडली की झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडते. ह्यावर उपाय झाडाच्या स्वभावातच आहे. वर्षभरानंतर ते कमरेच्या उंचीवर छाटावे. पुढे वर्षातून तीनदा, म्हणजे जूनमध्ये खरिपाच्या पेरणीआधी, नोव्हेंबरात रब्बीच्या वेळी आणि मार्चमध्ये, डहाळ्या कापून मातीत मिसळाव्या. असे राखलेले झाड सावली थोडी आणि पाला अधिक देते. वाढू दिले तर तेच सावलीचे झाड होऊन बसते आणि उरते केवळ सरपण.

चाऱ्याविषयीही सावध राहावे. शेळ्या व गुरे हा पाला खातात, पण वासामुळे प्रथम तोंड फिरवतात. तो कोमेजू देऊन थोडाथोडा घातल्यास सवय होते. घोड्यांस मात्र तो बाधतो. मातीत जे नाही ते झाड निर्माण करू शकत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २००९ साली सुरू झालेल्या कर्नाटक शासनाच्या भूचेतना योजनेतील मातीपरीक्षणांत जस्त, बोरॉन व गंधक यांची उणीव अनेक ठिकाणी आढळली. ती उणीव वेगळी भरून काढावी लागते.

नौबादला बहामनी काळातील कारेझ आहे. जमिनीच्या पोटातून बोगदा खणून, ओळीने विवरे ठेवून, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून नेणारी ही रचना. ती गाळाने बुजली, कारण तिची निगा थांबली. झाडाचेही तसेच आहे. रोप लावण्याचे काम एका पावसाळ्याचे. कोयता घेऊन वर्षातून तीनदा बांधावर जाणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. तेवढे ज्या घराकडून होईल, त्याच्याच बांधावर हे खताचे झाड आपले नाव सार्थ करील.