गिरणगाव ते 'अप्पर वरळी' : एका कामगार वस्तीचे स्थित्यंतर

कष्टकऱ्यांच्या जुन्या वस्तीत सधन वर्ग येऊन स्थिरावतो, भाडी व किमती वाढतात आणि मूळ रहिवासी हळूहळू बाहेर फेकले जातात. या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या संदर्भात 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. मराठीत त्यास वस्त्यांचे उच्चभ्रूकरण म्हणता येईल. मुंबईच्या गिरणगावाला ही संज्ञा सरसकट लावली जाते. मात्र लंडनमध्ये घरे प्रथम गेली, तर येथे प्रथम रोजगार गेला, मग जमीन आणि सर्वांत शेवटी घर. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय गिरणगावाचा इतिहास उमगत नाही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढील शतकभरात भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून आलेला कामगार चाळींत राहिला. एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा पुरुष, जेवण खाणावळीत, झोप पाळीपाळीने. लगतच्या मदनपुऱ्यात उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर स्थिरावले होते. हातमागावरील पिढीजात कसब घेऊन ते गिरण्यांच्या साचाखात्यात शिरले. गिरणगावावरील मराठी लेखनात मदनपुऱ्याचा उल्लेख फार त्रोटक आढळतो, ही उणीवच म्हटली पाहिजे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर बार्शीचे शाहीर अमर शेख होते. त्यांचा श्रोता याच वस्तीतला.

तथापि या वस्तीचे गोडवे गाताना भान सोडून चालणार नाही. साचाखात्यात कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे. स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेमुळे दलित कामगारांना या अधिक पगाराच्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कधी विधिवत मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. संपापूर्वीच कापडाचे बरेचसे उत्पादन भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते. संपाने त्यास गती दिली. मालकांच्या दृष्टीने आता गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडास व एक मालकास. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एकत्रित आराखडा सुचविला. तो अमलात आला नाही. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. विभागणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची होईल, एवढेच त्यात म्हटले होते. परंतु गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन होतीच किती? शेड आणि गोदामांनी व्यापलेला भाग मालकाकडे राहिला आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अन्वयार्थास नकार दिला; मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती. शहराच्या नकाशाची दिशा एका नियमातील एका शब्दाच्या अर्थाने ठरावी, असे उदाहरण विरळाच.

चाळींतील कुटुंबांना मात्र कोणी नोटीस देऊन घालविले नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठलेले होते. त्यामुळे खोली टिकली, पण मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली. पगार थांबल्यावर अनेकांनी पागडीचा हक्क विकून कल्याण, बदलापूर, विरार गाठले. मागे राहिलेल्यांना पुनर्विकासात नवी घरे मिळाली, तरी उद्वाहन आणि देखभालीचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट झाला. किराणा दुकान, खाणावळ, पिठाची गिरणी यांचे गाळे बदलत गेले. बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींत लोअर परळ 'अप्पर वरळी' झाले. रेल्वेचा पूल मात्र तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांकडे जाणारा नोकरदार रोज याच पुलावरून जात असे.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधली गेली, ती कामगार संघटनांच्या दीर्घ लढ्यामुळे. २०१२ मध्ये सुमारे सात हजार घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्जदारांची संख्या लाखाच्या वर होती. २०१६च्या एका सोडतीतील घरे गिरणगावात नव्हती. ती पनवेलजवळ कोन येथे होती.