कानांची परीक्षा

सोन्याचा कस लावायला कसोटीचा दगड असतो; आवाजाचा कस कशावर लावावा? दिवाळीच्या खरेदीत 'होम थिएटर' घ्यायचे ठरले की हा प्रश्न घरात येतोच. अ‍ॅम्प्लिफायरचे काम साधे: क्षीण विद्युत्‌संदेश बलवान करून स्पीकरला पोचवणे. मग एकाचा आवाज दुसऱ्याहून गोड कसा? या वादाचा इतिहास मला एखाद्या कादंबरीइतका रंजक वाटतो.

त्याची नांदी ग्रामोफोनच्या काळातली. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव प्रयोग लावले. रंगमंचावर गायिका आणि यंत्र शेजारी शेजारी. मध्येच दिवे मालवायचे, आणि ते पुन्हा लागल्यावर पाहावे तो गायिका गेलेली, गाणे मात्र चालूच! लोक थक्क होत. त्यांतल्या अ‍ॅना केस या गायिकेने उतारवयात गुपित फोडले: यंत्राशी मिळेल असाच आवाज ती लावीत असे. मोठ्याने गाती तर फरक कळला असता.

हे 'मोठ्याने' फार महत्त्वाचे आहे. दोन आवाजांत किंचितशी उंची कमीजास्त असली, तर आपल्याला मोठा आवाज मोठा वाटत नाही; तो अधिक सुरेल, अधिक स्वच्छ वाटतो. म्हणून खरी तुलना करायची तर दोन्ही पातळ्या मोजून सारख्या कराव्या लागतात, आणि कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचे नसते. आम्हां शिक्षकांना हे नवे नाही. शालान्त परीक्षेचा पेपर तपासणाऱ्याला मुलाचे नाव सांगत नाहीत, ते उगाच का?

इंग्लंडात 'क्वाड'च्या पीटर वॉकर यांनी ही परीक्षा घडवून आणली. त्यांचीच तीन यंत्रे: एक जुने व्हॉल्व्हचे, दोन ट्रान्झिस्टरची. १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात निकाल छापून आला. जाणकार श्रोत्यांना ती वेगळी ओळखता आली नव्हती. १९८७ साली अमेरिकेतील 'स्टिरिओ रिव्ह्यू'ने सुमारे २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतची यंत्रे पंचवीस श्रोत्यांपुढे ठेवली. उत्तरे नाणे उडवून द्यावीत तशी, निम्मी बरोबर नि निम्मी चूक!

मग फरक मुळी नसतोच का? तसेही नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांपुढे पैज मांडली की, माझे स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्र तुमच्या महागड्या व्हॉल्व्हच्या यंत्रासारखे वाजवून दाखवतो. दोन्ही यंत्रांतून निघणाऱ्या संदेशांची वजाबाकी करीत, उरलेला फरक नाहीसा होत जाईपर्यंत त्यांनी आपल्या यंत्रात बदल केले. शेवटी संपादकांना दोन्हींत भेद करता येईना. म्हणजे आधी फरक होता; पण तो मोजता येण्याजोगा होता, किमतीत दडलेला नव्हता.

ताकदीपलीकडे ताणले की यंत्र लहरींची शिखरे कापते, आणि तो कर्कशपणा कोणालाही ऐकू येतो. काही व्हॉल्व्ह यंत्रांचा स्वर जोडलेल्या स्पीकरप्रमाणे बदलतो. होम थिएटरमध्ये तर खोलीनुसार आवाज सुधारण्याची निरनिराळी सोय असते. ती चालू ठेवून तुलना केली, तर ती तुलना त्या सोयीची होते. एरवी, चांगली बांधलेली यंत्रे आपल्या मर्यादेत वाजत असता कान हरतात.

रसिक यावर म्हणतात की अशा परीक्षेत माणूस बावरतो, यंत्राचा गुण सहवासाने कळतो. परीक्षेत मुले गडबडतात, हे कोणता शिक्षक नाकारील? परंतु फरक रात्र-दिवसाइतका आहे असे जो सांगतो, त्याला पडद्याआडून तो ओळखता यायलाच हवा.

तेव्हा घरच्या कर्त्या माणसाने अ‍ॅम्प्लिफायर खोलीला नि स्पीकरला पुरेल एवढ्या ताकदीचा घ्यावा, आणि उरलेले पैसे चांगल्या स्पीकरवर खर्चावेत. स्पीकर बदलला की आवाज बदलतो. ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घरातली धाकटी पोरसुद्धा ओळखते.