सरकीतून गेलेली अळी: कापूस-संशोधनातील देवघेव आणि तिची राखण

नागपुरात 1976 साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी कापसाच्या जननद्रव्याची, म्हणजे नवे वाण पैदा करण्यासाठी जतन केलेल्या आनुवंशिक ठेव्याची, देशोदेशींत देवघेव चालू होती आणि तिच्यातील धोक्याचा फार महाग धडा भारतातून बाहेर गेलेल्या किडीने जगाला दिला होता.

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी 1843 साली भारतातील नमुन्यांवरून केले. ही अळी सरकीचा गर खाते आणि हंगाम सरताना दोन सरक्या रेशमी धाग्याने जोडून आत महिनोन्महिने सुप्तावस्थेत पडून राहते. वरून निरोगी वाटणाऱ्या बियाण्यातून तिचा दूरवर प्रसार होतो तो यामुळेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती भारतीय कापसाबरोबर इजिप्तला पोहोचली, तेथून 1911 मध्ये मेक्सिकोत गेली आणि 1917 मध्ये टेक्सासात आढळली. अमेरिकेत मात्र बोंडांवरील सोंड्या भुंग्याने आधीच थैमान घातले होते. तो इकडे येऊ नये म्हणून 1906 पासून अमेरिकी कापसाला मुंबई बंदरात विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे झाले, 1914 साली परदेशी किडींना अटकाव करणारा कायदा आला आणि तो भुंगा आजतागायत भारतात रुजलेला नाही.

संशोधनासाठी येणारे बियाणे आता दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत, आयात परवाना व पीक-आरोग्य दाखल्यासह येते आणि विलगीकरणात, म्हणजे इतर बियाण्यांपासून वेगळे ठेवून, तपासले जाते. बाहेर जाणाऱ्या ठेव्याची राखण 2002 च्या जैवविविधता कायद्याने बांधून दिली: परदेशी संशोधकाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते, मात्र संस्थांमधील, केंद्राने मान्य केलेल्या सहकार्य-प्रकल्पांना त्यातून सूट आहे. 2001 च्या आंतरराष्ट्रीय बियाणे-कराराच्या सामायिक पिकांच्या यादीत कापूस नसल्याने त्याच्या देवघेवीच्या अटी त्या त्या पक्षांनी आपसांत ठरवाव्या लागतात.

या तपासण्यांमुळे कामाला उशीर होतो हे खरे, तरी 2017 च्या हंगामात बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाटीची जी दैना केली ती पाहता, शेवटी किडीची किंमत शेतकरीच मोजतो हे विसरता येत नाही. म्हणून कोणते बियाणे कोठून आले, कोणत्या अटीवर आले आणि कोणी तपासले याची चोख नोंद हाच परदेशांशी होणाऱ्या संशोधन-सहकार्याचा खरा पाया मानला पाहिजे.